कासच्या वाटेवरचा सातबारा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की शहर झपाट्याने खाली जातं आणि धुकं थेट गाडीच्या काचेला भिडतं. सप्टेंबरचे दिवस, आडवार, म्हणून रस्ता मोकळा होता. कास पठार साताऱ्याहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण या खेपेला वाटेतल्या पाट्यांनीच डोळा खिळवून ठेवला. ‘व्हॅली व्ह्यू’, ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘एनए करून मिळेल’. मधूनच जेसीबीने डोंगराची कड खरवडून केलेलं लाल मातीचं सपाट अंगण, त्याला तारेचं कुंपण, लोखंडी गेट.

पठारावर पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तिथला एक गावकरी गाइड म्हणून सोबत आला. त्याने पहिल्यांदा खाली बसायला लावलं. “उभ्यानं कास दिसत न्हाय, दादा.” खरंच होतं ते. जांभ्याचा काळपट कातळ, त्यावर बोटभर माती, तीत साचलेलं पाणी आणि त्या पाण्यात सीतेची आसवं. निळी-जांभळी, नखाएवढी. या कातळावरच्या मातीत कस नाही, म्हणून ही वनस्पती मातीतल्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. शेजारी गेंदाचे पांढरे गोळे, पलीकडे तेरड्याचा गुलाबी पट्टा. अशा मातीत पाय पडला की तिथलं झाड गेलंच.

आणि पाय फार पडले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं. महाराष्ट्रातल्या चार जागांत कोयना, चांदोली, राधानगरीबरोबर कासचंही नाव आलं. मग पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागली. लोक फुलांत लोळून फोटो काढत. ते थोपवलं वन विभागाने आणि आसपासच्या गावांनी मिळून. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या हंगामात पठार सांभाळतात. प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी, दिवसाच्या पर्यटकांवर मर्यादा, शिट्टी घेऊन उभे राहणारे राखणदार. पार्किंगला, तिकिटाला, गाइड म्हणून गावचीच माणसं.

माझा गाइड पूर्वी वाशीच्या मार्केटात पोती उचलायचा. या डोंगरातली किती घरं मुंबईतल्या माथाडी कामावर जगली याला गणती नाही. “गनपतीला यायचो तसा आता फुलांसाठी येतोय,” म्हणाला. हंगाम सरला की पुन्हा मुंबई. दीड महिन्याच्या कमाईवर वर्ष निघत नाही, हे त्याने न विचारताच सांगितलं. तरी त्याच्या बोलण्यात एक ताठा होता, तो मला आवडला. मध्यंतरी पठाराला जाळीचं कुंपण घातलं होतं, तेव्हा गुरं चरायची बंद झाली, गवत माजलं आणि फुलं दबली, असं गावकऱ्यांचं ठाम म्हणणं होतं. अभ्यासकांतही त्यावर बरीच चर्चा झाली. पुढे कुंपण निघालं. “गुरं आमची, पठारबी आमचंच वळखीचं,” तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर एका रिसॉर्टच्या गेटापाशी कणसं भाजणाऱ्या मावशींकडे थांबलो. गेटवर खाकी सदऱ्यातला एक पन्नाशीचा माणूस बसला होता. मावशी सहज बोलून गेल्या, “त्येंचीच व्हती ही जमीन.” तो अवघडला, मग बोलता झाला. भावाभावांत वाटण्या झाल्या, नाचणीने पोट भरेना, एजंट आला, एकरकमी पैसे दिसले. पैसे मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले. आता तो त्याच बांधावर पगारावर राखण करतो. मावशींची तक्रार पाण्याची होती. उन्हाळ्यात वाडीवर हंड्यांची रांग लागते आणि डोंगरावर नव्या बोअर पडत राहतात.

पर्यटक तोच, डोंगर तोच, माणसंही एकाच भावकीतली. पठाराच्या फाटकावर गाव उभं आहे आणि किती गाड्या आत सोडायच्या, ते ठरवण्यात त्याचा वाटा आहे. म्हणून तिथे कमाई तुटपुंजी असली तरी गावाच्या हातात आहे. रस्त्याकडेला सातबाऱ्यावरचं नाव बदललं आणि त्याबरोबर गावाचा शब्दही गेला. पर्यटनाने खेड्यांचा विकास होतो, असं भाषणात म्हणणाऱ्या प्रत्येकाने या वाटेवर एकदा गाडीतून उतरून बघावं. रोजगार किती मिळाले हे विचारण्याआधी जमीन कोणाच्या नावावर उरली, हे विचारायला हवं. जमीन विकून मिळालेली नोकरी हा विकास आहे, हे मला मान्य नाही.

कासला जरूर जा. नोंदणी करून जा, शनिवार-रविवार टाळा, आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नका. गाइड गावातला घ्या, जेवण गावातल्या घरी सांगा. पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळेल, पैसे त्याच घरात राहतील. आणि तिथे प्लॉट घ्यायचं मनात असेल, तर कृपा करून घेऊ नका.