पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं?

"बी पॉझिटिव्ह!" हे वाक्य ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. (रक्तगटावरचा विनोद आता पुरे.) अप्रेझलमध्ये पॉझिटिव्ह फीडबॅक मिळाला की आपण खूश! पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला विचारा. माईक स्पीकरसमोर नेला की जी कर्कश किंचाळी येते ना, तोही पॉझिटिव्ह फीडबॅकच. अँप्लिफायरला ताळ्यावर ठेवतो तो निगेटिव्ह.

विजेची तर वेगळीच गंमत. कुठला चार्ज पॉझिटिव्ह म्हणायचा हे बेंजामिन फ्रँकलिननं १८व्या शतकात ठरवून टाकलं. १८९७ मध्ये थॉमसनना इलेक्ट्रॉन सापडला, तो निघाला निगेटिव्ह!

इथवर ठीक आहे हो, पण मेडिकल रिपोर्ट हातात आला की शब्दांचे खेळ संपतात. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे 'जे शोधत होतो ते सापडलं', एवढंच. २०२० मध्ये कोविडनं हे घरोघरी शिकवलं, आणि पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच असं डोक्यात बसलं. तेही खरं नाही. स्तनाच्या कॅन्सरचे रिपोर्ट घ्या. 'ईआर पॉझिटिव्ह' म्हणजे पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडले, म्हणजे हार्मोनच्या उपचाराचा उपयोग होऊ शकतो. 'मार्जिन पॉझिटिव्ह' म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत. कदाचित पुन्हा ऑपरेशन. आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' वाचून सुटलो म्हणू नका, तिथे हार्मोनचे उपचार चालत नाहीत.

तेव्हा घरातल्या कुणाचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर नुसत्या शब्दाला घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "नेमकं काय सापडलं? आणि आता पुढे काय?"