मोडीत निघालेली विमाने

तांब्यापितळेचे भांडे झिजले, त्याच्या बुडाला भोक पडले, म्हणजे गृहिणी ते कासाराकडे मोडीत घालते आणि वजनाप्रमाणे होईल ती किंमत वजा करून नवे भांडे घरी आणते. हा व्यवहार इतका सरळ आहे की त्यात हळहळीला फारसा वाव नसतो. परंतु त्याच भांड्यावर आजीचे नाव कोरलेले असले, तर ते देताना हात थबकतो. धातू तोच, वजन तेच. अडविते ते केवळ नाव. मनुष्यस्वभावाच्या या विशेषावर अलीकडे युरोप-अमेरिकेत एक निराळाच धंदा उभा राहिला आहे. सेवेतून निघालेल्या प्रवासी विमानांच्या पत्र्याचे लहान लहान तुकडे कापावयाचे, त्यांवर विमानाची जात व नोंदणीची अक्षरे कोरावयाची, आणि ते संग्राहकांस स्मरणवस्तू म्हणून विकावयाचे. विमाने जेथे मोडली जातात अशा एका ठिकाणी जाण्याचा योग आम्हांस आला; तेथे जे पाहिले आणि त्यावरून जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ग्लॉस्टरकडे जाणारी गाडी स्विंडन सोडून पुढे गेली, की केंबल नावाचे लहानसे स्थानक लागते. प्रवास दीड तासाच्या आतला. हा कॉट्सवोल्ड नावाने ओळखला जाणारा प्रांत पिवळसर चुनखडी दगडाचा आहे. घरे त्याच दगडाची, शेतांच्या बांधांवरील गडगेही त्याच दगडाचे, आणि हिरव्यागार कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या. अशा या शांत, जुन्या वळणाच्या मुलखात, ग्लॉस्टरशायर आणि विल्टशायर या दोन परगण्यांच्या सीमेवर, सुमारे २,००० मीटर लांबीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे ब्रिटिश हवाई दलाचा दुरुस्ती व साठवणीचा तळ होता. पुढे १९६६ ते १९८३ पर्यंत हवाई कसरतींबद्दल प्रसिद्ध असलेल्या 'रेड अ‍ॅरोज' पथकाचा मुक्काम येथेच असे. आता हा खाजगी विमानतळ असून विमाने साठविणे व मोडणे हा तेथील एक प्रमुख उद्योग आहे.

कुंपणाबाहेरून पाहिले तरी दृश्य मनावर परिणाम करते. निरनिराळ्या देशांच्या रंगांत रंगविलेली उंच शेपटे शेतांच्या मागे एका रांगेत उभी असतात. काहींवरील कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने पुसून टाकलेले असते. काहींची इंजिने काढून घेतलेली असतात, आणि इतका मोठा भार उतरल्यामुळे पंख उघडेबोडके दिसतात. ज्यांचे काम पुढे सरकले आहे त्यांचे नाक तेवढे शिल्लक असते, अथवा खिडक्यांची एक रांग.

या मोडणीचाही एक क्रम आहे. विमान आले म्हणजे प्रथम त्यातील इंधन व तेले काढून घेतात. मग निघतात ती इंजिने. जुन्या विमानाच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा बहुधा त्यांतच असतो. त्यामागून चाकांचे सांगाडे, शेपटातील साहाय्यक यंत्र, चालकांच्या खोलीतील उपकरणे. हे सारे तपासून, कागदपत्रांसह, उडत्या विमानांसाठी सुटे भाग म्हणून विकले जाते. एअरबस कंपनीने आपल्या सहकाऱ्यांसह फ्रान्समधील तार्ब येथे २००५ ते २००७ या काळात 'पामेला' नावाचा प्रयोग केला. विमानाच्या वजनापैकी सुमारे ८५ टक्के भाग पुन्हा वापरता अथवा वितळवून घेता येतो, असे त्यात सिद्ध झाले. म्हणजे विमान मरते हे म्हणणेच पुरते खरे नव्हे. त्याचे अवयव पुष्कळदा दुसऱ्या विमानांतून उडतच राहतात.

सर्वांत शेवटी राहते ते कवच, आणि मोलाने तेच सर्वांत हलके. हा पत्रा साध्या अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबे आणि थोडे मॅग्नेशियम व मँगनीज मिसळले, की त्याला पोलादाशी स्पर्धा करणारे बळ येते. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञास असे आढळले, की हा मिश्रधातू तापवून पाण्यात थंड केला आणि काही दिवस तसाच ठेवला, तर तो आपोआप अधिक कठीण होतो. या गुणावाचून धातूची प्रवासी विमाने झालीच नसती. परंतु रंगाचे थर चढलेला आणि इतर धातूंच्या खिळ्यांनी जडलेला हा पत्रा भंगारात गेला, म्हणजे त्याला किलोमागे एखाद-दुसऱ्या युरोच्या घरातच किंमत येते.

या टाकाऊ ठरलेल्या कवचातूनच स्मरणवस्तू जन्मास येतात. जर्मनीत कोलोन येथील 'एव्हिएशनटॅग' आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातील 'मोटोआर्ट' ही या धंद्यातील ठळक नावे. दुसऱ्या कंपनीने आरंभ केला तो पंखांच्या भागांची मेजे वगैरे बनवून. तुकडे मागाहून आले. पत्र्याचे मोठे तक्ते कापून धुतात, त्यांतून बोटभर लांबीचे तुकडे छापून काढतात, कडा घासून बोथट करतात, आणि मग त्यांवर विमानाचा प्रकार व नोंदणीची अक्षरे कोरतात. मूळ रंग मुद्दाम राखतात. त्यामुळे एका विमानाचे तुकडेही परस्परांसारखे नसतात. कोणावर निळ्या पट्ट्याची कड येते, कोणावर ओरखडे. काही ग्रॅम वजनाचा असा तुकडा २५ ते ४० युरोंच्या आसपास विकला जातो. भंगाराच्या भावाशी तुलना केली तर ही किंमत हजारो पटींनी अधिक भरते.

यात फसवणूक आहे काय? आमच्या मते, तुकडा अस्सल असेल तर नाही. फार तर असे म्हणता येईल, की विकणारा धातू विकीत नाही, नाव विकतो. आपल्या देवघरांतील टाक आठवावेत. चांदीचा तो लहानसा पत्रा सोनाराच्या काट्यावर फारसा भरत नाही. पण त्यावर कुलदेवतेची वा पूर्वजाची आकृती उठविली, की पिढ्यान्‌पिढ्या त्याची पूजा होते. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. टाक ज्याचा, त्याचे आपल्याशी नाते ठाऊक असते. विमानाच्या तुकड्याचे आपल्याशी नाते काय? आपण ज्या विमानात बसलो त्याची नोंदणीची अक्षरे तिकिटावर सहसा छापलेली नसतात. तेथे असतो तो फेरीचा क्रमांक, आणि एकच फेरी आज एक विमान करते तर उद्या दुसरे. तेव्हा तुकडा विकत घेणाऱ्या बहुतेकांस, 'मी यातूनच गेलो होतो' असे खात्रीने सांगता येत नाही.

केंबल येथे याच्या उलट एक उदाहरणही आहे. ब्रिटिश एअरवेज कंपनीने २०२० च्या जुलैत, साथीमुळे प्रवास थंडावला असता, आपली उरलेली ३१ बोइंग ७४७ विमाने एकदम सेवेतून काढली. त्यांतील एक, १९९४ साली सेवेत आलेले आणि ९०,००० हून अधिक तास उडालेले, ८ ऑक्टोबर २०२० रोजी येथे उतरले. जुन्या काळच्या रंगांत रंगविलेले हे विमान विमानतळाने एका पौंडाला घेतल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. पुढे आतून सजवून ते समारंभांसाठी भाड्याने देण्यात येऊ लागले. घेण्याची किंमत एक पौंड आणि सजविण्याचा खर्च काही लाख पौंड! अख्खे विमान सांभाळणे किती जड आहे, हे यावरून समजते. शेकडोंत एखाद्याच्याच नशिबी हे येते. बाकीच्यांची एक तर भट्टी होते, नाही तर तुकडे.

आपल्याकडील स्थिती काय आहे? एअर इंडियाचे पहिले ७४७, 'सम्राट अशोक', १९७१ साली मुंबईस आले, तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती रंगविलेल्या महिरपी पाहून लोक हरखले होते. या जातीच्या शेवटच्या विमानांपैकी 'आग्रा' हे २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेकडे निघाले, ते सुट्या भागांसाठी मोडले जाण्याकरिता. उड्डाणानंतर चालकाने पंख किंचित हलवून शहराचा निरोप घेतला. पन्नास वर्षे ज्या खिडक्यांतून मराठी घरांतील मुलांनी परदेशी जाताना खालची मुंबई पाहिली, त्यांतील एखादी महिरप आपल्या एखाद्या संग्रहालयात असावी, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. 'विक्रांत' या युद्धनौकेची गोष्ट अशीच. २०१२ पर्यंत ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. खर्च झेपेना, म्हणून २०१४ साली भंगारात विकली गेली, आणि दारूखान्यात तिची मोडणी झाली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ साली बजाज कंपनीच्या एका मोटारसायकलीत गेला. आख्खी नौका राखता आली नाही, म्हणून लोकांनी तिचा अंश तरी घरी आणला.

तथापि प्रत्येक तुकडा घरी आणण्याजोगा असतोच असे नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळून ११७ माणसे गेली, डॉ. होमी भाभा त्यांत होते. त्या विमानाचे अवशेष तेथील बॉसों हिमनदी अजून थोडे थोडे बाहेर टाकीत असते. २०१२ साली तिने एक राजनैतिक टपालाची पिशवी दिली. ती भारतीय वकिलातीकडे सोपविण्यात आली. २०२० साली त्या काळची भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. अशा वस्तूंवर किमतीची चिठ्ठी पाहणे कोणत्याही कुटुंबास सहन होणार नाही. सुखरूप धावून थकलेल्या विमानाचा तुकडा ही आठवण. अपघाताचा तुकडा हा अस्थिशेष. दोहोंतील ही मर्यादा विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही पाळली पाहिजे.

केंबलहून पायवाटेने दोन-अडीच किलोमीटर गेले, की एका कुरणात झाडाखाली एक शिळा लागते. लंडनमधून वाहणाऱ्या थेम्स नदीचा उगम येथे आहे, असे तीवर कोरलेले आहे. आम्ही गेलो तेव्हा तेथे पाण्याचा थेंब नव्हता, आणि वर्षातील बराच काळ ती जागा अशीच कोरडी असते. तरीही ठिकठिकाणचे लोक तेथे येतात, शिळेस हात लावतात, आणि समाधानाने परततात. कारण पुढे २९० किलोमीटरांहून अधिक लांब वाटेवर नदी खरोखरच आहे, हे त्यांस ठाऊक असते.

स्मरणवस्तूचेही तसेच समजावे. ज्यांच्या घरातून कोणी विमानाने दूर देशी गेले, तेथे रमले, किंवा परत आले, त्यांनी असा तुकडा खुशाल घ्यावा. परंतु त्याबरोबर एक लहानसा कागद ठेवावा: कोण गेले, कोणत्या साली, निरोपाला विमानतळावर कोण कोण आले होते, आणि पहिले पत्र किती दिवसांनी पोहोचले. हे सांगू शकणारी वडील माणसे घरात आहेत तोवरच ते लिहून घेतले पाहिजे. तुकडा चाळीस युरोंना पुढेही केव्हा तरी मिळेल. ती माहिती मात्र मागाहून कोणत्याच बाजारात मिळणार नाही.