सासष्टीतला नाताळ

डिसेंबरात गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या राशोलच्या टेकडीवरून जुवारी नदी संथ दिसते. सेमिनरीच्या पांढऱ्या भिंतींखाली खाजन शेतं पसरलेली, पाण्यापलीकडे शिरोड्याची हिरवी किनार. गावात घरोघरी कागदी तारे टांगलेले असतात. पोरं अंगणात गवत अंथरून गोठा मांडत असतात आणि स्वयंपाकघरांतून दोदोल या पक्वान्नासाठी आटणाऱ्या नारळाच्या रसाचा वास येत असतो. या वासात मला दर वेळी थॉमस स्टीफन्स आठवतो. ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य लिहिणारे वृद्ध फादर स्टीफन्स पुढचे. मला आठवतो तो नुकताच जहाजातून उतरलेला, तिशीतला, परका थॉमस.

इंग्लंडमधल्या विल्टशायरचा हा मुलगा 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात पोचला. 10 नोव्हेंबरला त्याने वडिलांना पत्र लिहिलं. त्यात समुद्राची, आजारी पडलेल्या माणसांची हकिगत आहे आणि शेवटी झाडं आहेत. द्राक्षवेल सोडली तर युरोपातलं एकही झाड इथे दिसत नाही, असं तो सांगतो आणि मग माडाच्या दारूवर येतो. घर दुरावलेला तरुण वडिलांना झाडांचं आणि खाण्यापिण्याचं लिहितो. आत दाटलेलं असतं ते कागदावर येत नाही. नाताळ दीड महिन्यावर आला होता.

त्याच्या घरी तरी हा सण कसा होता? 1559 पासून इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा कायद्याने बंद होती. ज्यांना ती हवी असे ते आडबाजूच्या खोलीत, दारं लावून जमत. त्याचा मित्र थॉमस पाउंड या श्रद्धेपायी तुरुंगात होता. रोमला शिकायला गेल्यावर थॉमसने हा सण उघड्यावर पाहिला आणि आता गोव्यात पुन्हा घंटा, मेणबत्त्या, रस्त्यावरची गर्दी. मायदेशी जे चोरून करायचं, ते इथे पोर्तुगीज राज्यकर्त्यांच्या इतमामात चाललेलं. त्याला घराची आठवण आली असेलच. पण त्या घरात त्याच्या सणाला जागा नव्हती, हे दुःख साध्या आठवणीपेक्षा खोल असावं.

पुढे तर तारखाही दुरावल्या. पोप ग्रेगरी यांनी 1582 मध्ये पंचांग सुधारलं, पोर्तुगालने ते लगेच उचललं आणि गोव्यातही ते आलं. इंग्लंडने मात्र 1752 पर्यंत मानलं नाही. सासष्टीत 25 डिसेंबर उजाडे तेव्हा विल्टशायरमध्ये 15 तारीख असे. बापलेकांचा नाताळ आता एका दिवशीही येत नव्हता. इतका एकटा सण मी दुसरा कुठे वाचलेला नाही.

आणि तरीही मला नदीपलीकडे बघावंच लागतं. 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली, जाळली गेली. राशोलला लागून असलेल्या राय गावची देवी कामाक्षी शिरोड्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. ज्याच्या देशात त्याची मिस्सा बंद होती, तो अशा गावांत आला जिथे त्याच्याच धर्माच्या राजवटीने दुसऱ्यांचे उत्सव बंद केले होते. दारं लावून केलेली पूजा काय असते हे त्याला ठाऊक होतं. ते त्याला इथे, राय गावातून जाताना, कधी आठवलं असेल का? मला वाटतं, आठवलं असेल. त्याने ते कुठे लिहिलं नाही, पण 1616 मध्ये राशोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेला माणूस पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? हा प्रश्न त्याने लपवला नाही. उत्तर म्हणून त्याने मराठीतच ओव्या लिहिल्या, सुमारे 11 हजार. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. चर्चमध्ये त्या वाचल्या जात. हिरावून घेतलेल्याची ती भरपाई होती असं मी म्हणणार नाही. पण लोकांच्या कानांना काय हवं आहे ते या माणसाने ऐकलं होतं, एवढं मी नक्की म्हणेन.

पुराणाच्या कितीतरी आधी, 25 जुलै 1583 ला, सासष्टीतल्याच कुंकळ्ळीत स्टीफन्सच्याच संघाचे पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा त्यांची प्रेतं मिळवण्यात स्टीफन्सचा हात होता. नंतर गावच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केलं गेलं. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली ती गेलीच. पण दर शिगम्यात तिच्या छत्र्या मिरवत कुंकळ्ळीला येतात, बारा वांगडांच्या, म्हणजे गावकार कुळांच्या, बारा. नाताळात दोदोल आटवणारे ख्रिस्ती गावकारही त्या मिरवणुकीत मानाने चालतात आणि गुलाल सगळ्यांच्याच अंगावर पडतो.