बंद पडायच्या तऱ्हा

कायमची बंद पडलेली गाडी मिस्त्रीला परवडते. ती टोचन करून दारात येते, दोष अंगावर घेऊन उभी राहते आणि सापडेपर्यंत कुठे जात नाही. डोकं खाते ती दुसरी. चालता चालता गप्प होते, पाच-दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते आणि माझ्या दारात आली की दिवसभर सुरळीत चालते. मालकाला वाटतं, मिस्त्रीला समजत नाही. मिस्त्रीला वाटतं, मालक वाढवून सांगतो. खरं म्हणजे दोघंही बरोबर असतात. फक्त दोष त्या घडीला हजर नसतो.

आमच्या भातकुलीच्या भागात अशा गाड्यांना तोटा नाही. १९९४ साली आलेली सुमो, १९९८ सालची इंडिका, जुन्या कमांडर, मार्शल. शहरातून निवृत्त झालेल्या या गाड्या इकडे अजून कापूस, तूर आणि वऱ्हाडी वाहतात. रस्ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीवरचे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबराला लाटा येतात. त्या हिसक्यांनी वायरींचे जोड सैल होतात. खारपाण पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की नटबोल्टावर पांढरे पापुद्रे धरतात आणि अर्थिंगचे नट गंजतात. वर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो. त्यामुळे पुस्तकातल्या कारणांच्या जोडीला इथं गावची कारणंही धरावी लागतात.

तरी जुनं डिझेल इंजिन स्वभावानं सरळ. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेलनं जे तत्त्व चालवून दाखवलं, तेच याच्या पोटात आहे. हवा दाबून विसाव्या हिश्शाच्या आसपास आणायची, म्हणजे ती इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगी नाही. एकदा सुरू झालं की त्याला हवा पाहिजे आणि डिझेल पाहिजे. वीज लागते ती डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडला. चावी फिरवली की तो टक् करून डिझेलची वाट उघडतो, चावी काढली की बंद करतो. म्हणजे चालती गाडी बंद पडली तर संशयित मोजकेच. पाने काढायच्या आधी हे डोक्यात मांडून घेतलं तर निम्मं काम होतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न ‘काय बदलवलं?’ हा नसतो. मी विचारतो, गाडी बंद कशी पडली? चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली असेल, तर मी आधी वायरीकडे पाहतो. झटके मारत, पिकअप सोडत, दम तुटल्यासारखी गेली असेल, तर डिझेल कमी पडतंय नाहीतर पंप हवा ओढतोय. पंधरा-वीस किलोमीटर नीट चालून मग थांबत असेल, तर मी डिझेल टाकीचं झाकण उघडायला लावतो. झाकणाला हवा आत घ्यायचं बारीक छिद्र असतं. ते मातीनं बुजलं, किंवा जुनं झाकण हरवून बिनछिद्राचं बसवलं, तर डिझेल जातं तसतशी टाकीत पोकळी होते आणि फीड पंपाला ओढणं जड जातं. उघडताना फुस्स आवाज आला तर उत्तर तिथंच मिळतं. झाकणाच्या जागी चिंधी कोंबलेल्या टाक्याही येतात. त्यांच्या जाळीत हमखास सुताचे धागे सापडतात.

वायरीचा संशय असला तर सोलेनॉइडच्या टोकाला वायर जोडून एक छोटा बल्ब मालकाच्या समोर, डॅशबोर्डवर आणून ठेवतो. गाडी बंद पडली त्या क्षणी बल्ब विझला, तर दोष विजेचा. तेवत राहिला, तर डिझेलचा. दहा रुपयांच्या त्या बल्बानं मालकाचे हजारो रुपये वाचवलेले मी पाहिले आहेत.

पूर्णेकाठच्या एका गावचे काकाजी त्यांची जुनी जीप घेऊन आले, तेव्हा सगळं करून झालेलं होतं. “मिस्त्रीभाऊ, फिल्टर बदलवला, फीड पंप नवा टाकला, नोझल बी करून आनले. तरी मधातच बंद पडते.” मी विचारलं, “बंद पडते तवा टाकीत डिझेल किती असते?” काकाजी म्हणाले, “थे कोन पायते, बाप्पा?” मागं बसलेला त्यांचा पोरगा बोलला, “बाबा, लग्नाले जातानी कधीच बंद नाही पडली. तवा आपन टाकी फुल करतो.”

दोषाचा पत्ता पोरानंच दिला होता. फिल्टर आणि पंपाच्या मधली नळी काढून मी पारदर्शक नळी बसवली. टाकी निम्म्याखाली होती. इंजिन सुरू केलं आणि थोड्याच वेळात नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली. मग टाकी बाजूला ठेवून वर टांगलेल्या कॅनमधून डिझेल दिलं, तर एकही बुडबुडा नाही. म्हणजे पंप निर्दोष, नोझल निर्दोष. हवा टाकीच्या बाजूनं येत होती. टाकीतली डिझेल ओढणारी उभी नळी बाहेर काढली, एक टोक बोटानं दाबून पाण्याच्या बादलीत धरली आणि फुंकर मारली. मधोमध गंजानं पडलेलं टाचणीएवढं छिद्र दिसलं. डिझेल त्याच्या वर असलं की छिद्र बुडालेलं, गाडी ठीक. पातळी खाली गेली की नळी डिझेलसोबत हवाही ओढणार. नवा फीड पंप ती हवा उलट जास्तच जोरानं ओढत होता.

उन्हाळ्यातली तऱ्हा निराळी. गाडी तापल्यावर बंद पडते, सेल मारून बॅटरी बसते आणि तासाभरानं थंड झाली की लगेच सुरू होते. इथं रोटरी पंपाची झीज पाहावी. त्याच्या आतल्या भागांमधली फट केसापेक्षाही कितीतरी बारीक. ती वाढली की तापून पातळ झालेलं डिझेल तिथूनच निसटतं आणि नोझलला दाब पुरत नाही. बंद इंजिनच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, थोडं थांबायचं आणि सेल मारायचा. लगेच सुरू झाली तर पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे न्यायचा. चालत्या, तापलेल्या पंपावर बादली मात्र ओतू नये, तो जाम होऊ शकतो.

डिझेलही पूर्वीचं राहिलेलं नाही. बीएस-३ मध्ये गंधक दहा लाखांत ३५० भागांपर्यंत चालायचं, बीएस-४ मध्ये ५० वर आलं, २०२० पासून बीएस-६ मध्ये १० वर. हवेसाठी ते चांगलंच झालं. मात्र गंधक काढताना डिझेलचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून कंपन्या तो वेगळा मिसळून देतात. वीस वर्षांची रबरी नळी आणि कडक झालेले सील या बदलाच्या आधीचे. ते आधी बदलावेत. खर्च थोडा, उपयोग मोठा.

या धंद्यात माझं एकच मत पक्कं झालं आहे. दोष डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही महाग पार्ट बदलू नये. अंदाजानं बदललेला पार्ट कधीकधी लागू पडतो, पण त्यातून मिस्त्री काही शिकत नाही आणि पैसा मालकाचा जातो.

गाडीवाल्यांना दोन गोष्टी सांगतो. चालती गाडी बंद पडली की या गाड्यांचा व्हॅक्यूम पंपही थांबतो. ब्रेकला उरलेली मदत एक-दोन दाबांपुरतीच असते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्या. आणि थांबल्यावर आधी लिहून ठेवा: टाकीत डिझेल किती होतं, गाडी किती चालली होती, कशी बंद पडली, किती वेळानं सुरू झाली. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या. तो न वाचताच पाना उचलणारा मिस्त्री असेल, तर गाडी दुसरीकडे न्या.