सही जुळत नाही

बँकेत चोवीस वर्षं काढल्यावर माणसाला दोन गोष्टी हमखास येतात. एक, नोटा मोजता मोजता शेजारच्याशी गप्पा मारणं आणि दुसरी, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता ‘सही जुळत नाही’ असं म्हणणं. पहिलं काम हल्ली यंत्र करतं. दुसरं अजून तरी आमच्या हातात आहे.

हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, याचा हिशेब बी.कॉम.ला शिकवलेल्या कुठल्याच पद्धतीने लागणार नाही. त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ. सही का जुळत नाही, हे विचारण्यासाठी फॉर्मवर रकाना नसतो. त्यामुळे मीही कधी विचारलं नाही. अण्णांचा उजवा हात गेला, तेव्हा ते वाक्य पत्ता शोधत माझ्याच घरी आलं.

आमचे अण्णा म्हणजे निवृत्त तलाठी. त्यांची सही ही सही नव्हतीच, वरात होती. सुरुवातीला घोड्यावरच्या नवरदेवासारखं एक उंच अक्षर, मागून वऱ्हाडी मंडळींसारखी गिचमीड, शेवटी दोन रेघा आणि त्यांच्याखाली एक ठसठशीत टिंब. या टिंबाशिवाय गावात सातबाऱ्याचा उतारा निघत नसे. मला शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ही सही हुबेहूब करायची सवय होती. पुढे मी सह्या तपासण्याच्या नोकरीत शिरलो, हा निव्वळ योगायोग समजावा.

तर एके दिवशी सकाळी अण्णांच्या हातून कपबशी सुटली. चहात साखर कमी पडली म्हणून रागाने टाकली, असं आईला वाटलं. ती साखरेचा डबा घेऊन आली तोवर अण्णांचं तोंड वाकडं झालं होतं. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता झालं?” मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे. मुदत ठेवीखेरीज जगात दुसऱ्याही मुदती असतात, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही मुदतीत होतो. अण्णा वाचले.

पाय महिना-दीड महिन्यात काठीच्या आधाराने वळणावर आला. हात मात्र खांद्याला लटकलेल्या पिशवीसारखा तसाच राहिला. समाचाराला येणारी मंडळी चहा पिऊन सल्ला ठेवून जात. कुणी कबुतराच्या रक्ताने मालीश सुचवलं. आईने पाहुण्यांना लाडू दिला आणि कबुतरांना ज्वारी घातली.

पहिली अडचण आली ती पेन्शनची. अण्णांचं खातं आमच्याच शाखेत. एटीएमच्या कार्डावर त्यांचा विश्वास नाही. भिंतीतून पैसे घेणं त्यांना चोरीसारखं वाटतं. मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, “अण्णा, काळजी करू नका. आजारी खातेदाराचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हाताचा नसेल तर पायाचा अंगठासुद्धा चालतो.”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. बोलणं थोडं जड झालं होतं, पण शब्द स्पष्ट होते. “आयुष्यभर मी लोकांचे अंगठे धरून शाईच्या पॅडवर दाबले. आता माझा तू धरणार?”

दोन महिने त्यांनी पेन्शन काढलीच नाही.

याच सुमारास घरी फिजिओथेरपी करणारी मुलगी येऊ लागली. वयाने माझ्या थोरलीएवढी, पण आवाज हेडमास्तरांचा. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “काका, या हाताने तुम्हाला काय करायचंय?” आम्हाला वाटलं, अण्णा जेवायचंय म्हणतील, शर्टाची बटणं लावायचीत म्हणतील. अण्णा म्हणाले, “सही.” तिने वहीत लिहून घेतलं, ‘सही’. कर्जाच्या अर्जावर ‘कारण’ लिहितात तसं.

मग तिने मला मेंदूचा कारभार समजावून सांगितला. मी तो माझ्या भाषेत समजून घेतला तो असा : मेंदूतली एक शाखा जळाली. हात शाबूत आहे, बोटं शाबूत आहेत, पण त्यांची खाती ज्या शाखेत होती तिथले कागद गेले. आता शेजारच्या शाखांनी ही खाती सांभाळायला शिकायचं. पण कुठलीही शाखा दुसऱ्या शाखेचं काम आपण होऊन घेत नाही, हे मी तुम्हाला स्वानुभवाने सांगतो. ग्राहकाने रोज जाऊन उभं राहावं लागतं. तोच अर्ज, तीच खिडकी, पुन्हा पुन्हा.

“किती वेळा?” मी विचारलं.

“दिवसाला तीनशे,” ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण अमेरिकेत २००९ साली कुणीतरी चिकाटीने मोजून काढलं होतं, की नेहमीच्या उपचारात एका बैठकीत रुग्णाचा हात कामाची हालचाल सरासरी बत्तीस वेळाच करतो. उरलेला वेळ बहुधा आमच्या शाखेसारखाच जात असावा. यंत्रं आली ती इथे. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही आणि मोजायला चुकत नाही.

पहिलं यंत्र साबणाच्या डबीएवढं. त्याच्या चिकट पट्ट्या कोपराखाली लावायच्या, बटण दाबायचं. हाताला मुंग्या येतात आणि मनगट आपोआप वर उचललं जातं. अण्णांनी असं पाहिलं, की आपल्या शेतात परक्याने नांगर घातलाय. म्हणाले, “हात माझा, आणि उचलतंय वीज मंडळ!”

“काका, नुसतं बघायचं नाही. वीज उचलेल तेव्हा तुम्हीही उचलायचं.”

ही युक्ती तशी जुनी. १९६१ साली लिबरसन नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाऊल लोंबकळणाऱ्या रुग्णांच्या बुटातच कळ बसवली होती. टाच उचलली की वीज सुरू आणि पाऊल वर. अण्णांना ही हकिगत सांगितल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, “पावसाळ्यात काय करायचे?”

दुसरं यंत्र म्हणजे चक्क आरसा. तो पुढ्यात आडवा उभा करायचा, दुखरा हात त्याच्या मागे लपवायचा आणि चांगला हात हलवून आरशात पाहायचं. मेंदूला वाटतं, दोन्ही हात हलताहेत. कॅलिफोर्नियातले मेंदूशास्त्रज्ञ, आपले मद्रासकडचे, डॉ. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात तोडलेल्या माणसांच्या वेदनांवर हा उपाय शोधला. पुढे तो पक्षाघातालाही लागू केला गेला. मेंदूला फसवायला दाढीचा आरसा पुरतो, हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या बँकेत लोक त्यासाठी फार खर्च करतात.

तरी नातेवाइकांचं समाधान होईना. “पुण्याला रोबो आहे,” असं एका मेहुण्याने कळवलं. आम्ही गेलो. यंत्रमानवाला भेटायचं म्हणून अण्णा परीटघडीचं धोतर नेसले. पाहतो तो मानव नव्हताच. टेबलाला बसवलेली एक लोखंडी भुजा होती. मूठ धरायची, पडद्यावरचा ठिपका दुसऱ्या ठिपक्यापर्यंत न्यायचा. जमलं तर भुजा गप्प, नाही जमलं तर अलगद मदत करते. तासाभरात अण्णांच्या हाताने काही शे फेऱ्या मारल्या. मी कौतुकाने पाहत होतो, आणि मग दरपत्रक पाहिलं.

परतीच्या एसटीत मी मोबाइलवर वाचत बसलो. अशी भुजा पहिल्यांदा एमआयटीत तयार झाली. पुण्यातल्या नव्हे, अमेरिकेतल्या. आणि त्याच जातीच्या भुजेची ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर परीक्षा झाली. २०१९ साली निकाल लागला तो असा, की हाताने रोजची कामं करण्यात नेहमीच्या उपचारापेक्षा विशेष फरक पडला नाही. दुसरी परीक्षा कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाली. १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना पडद्यावरचे व्हिडिओ खेळ दिले आणि उरलेल्यांना पत्ते वगैरे साधे खेळ. २०१६ साली जाहीर झालं, की सुधारणा दोघांतही झाली, आणि पत्तेवाले कुठेही मागे राहिले नाहीत!

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. लकवा झाल्यानंतर ते पहिल्यांदाच दोन्ही गालांनी हसले. “तुझ्या आजोबांना हे ऐकवायला हवं होतं. पत्त्यांपायी मी मार खाल्लाय.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर मेंढीकोट सुरू झाला. अट एकच, अण्णांनी पान उजव्या हाताने टाकायचं. डाव्या हाताला आईने कढई उतरवायच्या फडक्याची पिशवी शिवून घातली, कारण तो फार पुढे पुढे करायचा. पहिल्या आठवड्यात एक पान टाकायला इतका वेळ लागे, की भिडू मधल्या वेळात डुलकी काढून घेत. चौथ्या आठवड्यात अण्णा पान लपवताना पकडले गेले. फिजिओच्या मुलीने ते आनंदाने वहीत लिहून घेतलं. बोटांची बारीक हालचाल, सुधारणा उत्तम.

यंत्रं वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. हात जेव्हा बोटभरही हलत नव्हता, तेव्हा तो हलू शकतो हे पहिल्यांदा विजेच्या डबीनेच आम्हाला दाखवलं. पण डबी तीनशे मोजू शकते, तीनशे एकावी वेळ करावीशी वाटणं तिच्या हातात नाही. ते अण्णांच्या त्या ठसठशीत टिंबात होतं. रोज रात्री, डाव संपल्यावर, पेनाला सायकलच्या मुठीचं रबर बसवून ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सह्या करत बसत. पहिल्या कॅलेंडरवर नुसत्या रेघा आहेत. रेघोट्याही नाहीत, ओरखडेच. आईने ती सगळी कॅलेंडरं गादीखाली जपून ठेवली आहेत.

आठव्या महिन्यात, एका सोमवारी, ऐन गर्दीत माझ्या खिडकीतून एक पैसे काढायची स्लिप आत आली. मी सवयीने पडद्यावर नमुना सही काढली. पडद्यावर वरात. कागदावर पावसात भिजून, बँडवाल्यांना सोडून कसंबसं घरी परतलेलं वऱ्हाड. रेघा दोन्ही होत्या. टिंबही होतं, जरा लांब पडलं होतं.

मी मान वर केली. चोवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

“अण्णा,” मी म्हणालो, “सही जुळत नाही.”

“कशी जुळेल?” अण्णा म्हणाले. “माणूस जुळतोय का बघ.”

मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. मी उठलो, नवीन नमुना सहीचा फॉर्म काढला आणि पेनाला रबर लागेल म्हणून शिपायाकडे बघितलं. अण्णांनी खिशातून आपलं रबर काढलं. फॉर्मवर तीन चौकोन होते. पहिली सही डावीकडे कलली, दुसरी उजवीकडे, तिसरी बरीचशी सरळ उभी राहिली. आमच्या ऑफिसर बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्यांनी तिन्ही सह्या पाहिल्या, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चालेल. तीन पुरेत, काका.”

“पुरेत काय?” अण्णांनी फॉर्म उलटा करत विचारलं. “अजून दोनशे सत्त्याण्णव व्हायच्यात.”