चांदीचा डाग

सोमवारी स्टँडअपला कॅमेरा सुरू केला आणि टीममधल्या एकाने विचारलं, "अरे, आता कुठलं मतदान झालं?" माझी दोन बोटं काळी पडली होती. त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मतदानाच्या शाईत जे सिल्व्हर नायट्रेट असतं, तेच मला लागलं होतं. कातडीवर ते काळं पडतं आणि वरची कातडी झडेपर्यंत जात नाही. काचेवर लावून भट्टीत भाजलं, की मात्र पिवळं होतं. मी त्या पिवळ्याच्या मागे होतो.

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला, तेव्हा माजघराच्या खिडकीवरची कमान आजीने सोडवून आणली. लाल, निळ्या, हिरव्या काचा आणि मधोमध एक साधी. तिथे पूर्वी पिवळी होती. मी नऊ वर्षांचा असताना टेनिस बॉलने ती फुटली. फोडली मी, मार खाल्ला धाकट्या चुलतभावाने. मी गप्प बसलो. आता ती कमान वारज्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे. आजी रोज सकाळी तिच्यासमोर चहा घेते आणि म्हणते, "मधेच ऊन पांढरं पडतं रे."

तयार पिवळी काच विकत मिळाली असती. पण ती आणून बसवणं म्हणजे पुन्हा गप्प बसणंच झालं असतं.

चांदीचं हे तंत्र युरोपात चौदाव्या शतकापासून आहे. चांदीचा क्षार गेरूत आणि डिंकाच्या पाण्यात कालवायचा, काचेवर लावायचा आणि साधारण 600 अंश सेल्सियसच्या आसपास भाजायचा. तापल्यावर चांदीचे आयन काचेतल्या सोडियमच्या जागी शिरतात आणि आत त्यांचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक कण तयार होतात. ते कण निळा प्रकाश शोषतात, म्हणून आपल्यापर्यंत पिवळा पोचतो. गार झाल्यावर गेरू पुसून टाकायचा. चित्रकाचेवरच्या काळ्या-तपकिरी रेषा पृष्ठभागावर भाजून चिकटतात. चांदी मात्र काचेत मुरते. म्हणूनच याला रंग न म्हणता 'सिल्व्हर स्टेन', म्हणजे चांदीचा डाग म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या चर्चच्या खिडक्यांत संतांच्या प्रभावळी आणि मुकुट बहुधा याच डागाने पिवळे केलेले असत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्सच्या कारखान्यातून आलेल्या खिडक्या आहेत. त्यांच्यासमोर मी एक अख्खी दुपार फक्त पिवळा बघत बसलो होतो.

भट्टी एका ओळखीच्या सिरॅमिक स्टुडिओतली. पहिली काच तपकिरी निघाली, काढ्यासारखी. मी एक्सेलमध्ये तापमान आणि वेळ तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात. तिच्या एका बाजूला थोडं कथिल राहतं आणि त्या बाजूला चांदी जास्त गडद उतरते. शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते. मी नेमकी तीच बाजू रंगवली होती.

दुसरी काच पिवळी आली. आजीने ती उन्हात धरली. "हे हळदीचं झालं. आपलं तुपाचं होतं."

कोडमध्ये चुकलं तर मागच्या कमिटवर जाता येतं. काचेत शिरलेली चांदी परत काढता येत नाही. नवी काच घ्यावी लागते. तिसऱ्या वेळी चांदी कमी घेतली, भट्टी थोडी लवकर बंद केली आणि रात्रभर गार होऊ दिली.

रविवारी काच बसवली. फरशीवर फिकट पिवळा चौकोन पडला. आजीने त्यात पाऊल ठेवून पाहिलं. "अगदी तसं नाही. पण राहू दे."

मग मी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी बॉल कुणी मारला होता, ते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा निवला.

"त्याला मी जेवायलासुद्धा वाढलं नव्हतं त्या रात्री," ती म्हणाली. मग तिने माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं. "फोन लाव त्याला. आधी तू बोल, मग मला दे."