माठापाशी ३१ अंश

मी ड्रॉइंगचा मास्तर. शिक्षण दहावीपर्यंत, आमची आई अजून त्याला मॅट्रिकच म्हणते. त्यावर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि त्या वाचणारे काही सज्जनही आहेत. तात्पर्य, विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. अशा माणसाने चाळिशी उलटल्यावर संगणकाचा प्रोग्राम लिहावा, याला कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे. माझ्या बाबतीत ती जबाबदारी एका आकाशकंदिलाची आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अमरावतीच्या आमच्या शाळेत कंदिलांची स्पर्धा होती. नववीतल्या एका मुलाचा कंदील जरा वाकडाच होता. त्याच्या रंगसंगतीबद्दल मी चार शब्द सुनावणार, तोच त्याने वडिलांच्या मोबाईलवर बोट ठेवले आणि कंदील लाल झाला. मग हिरवा झाला. आत पाहिले तर काडेपेटीएवढी एक पट्टी.

“सर, हा नोडएमसीयू बोर्ड. याला वायफाय कळते.”

बक्षीस त्याला मिळाले नाही, कारण परीक्षक मी होतो. पण घरी आल्यावर ती पट्टी डोक्यातून जाईना. माझी आई अकोल्याला एकटी राहते. वय पंचाहत्तर. घर सोडायला तयार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जाणे अकोल्याला नवीन नाही, आणि आई विजेच्या बिलाला भिऊन कूलर लावत नाही. फोनवर विचारावे तर उत्तर ठरलेले: “बरं हाय.” या दोन शब्दांत ताप, उपास आणि पडलेली भिंत, सगळे मावते. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला गाठले. “काय रे, ही पट्टी खोलीतला उन्हाळा मोजून मला इथे कळवील का?”

“कळवील सर. एक सेन्सर लागेल.” मग जरा थांबून म्हणाला, “पण प्रोग्राम तुम्ही लिहायचा. मी नुसते सांगेन.” मास्तराचा सूड याहून गोड कोणी घेतला नसेल.

या पट्टीचे मर्म मला कळले ते असे. तिच्यावर ईएसपी८२६६ नावाची एक चिप असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ साली लोकांच्या हाती आली. विचार करणारा मेंदू आणि वायफायचा कान एकाच चिपेत, तेही काहीशे रुपयांत. सेकंदाला ८ कोटी ठोके देणारा हा मेंदू. आणि त्याला आम्ही काम देणार आईच्या खोलीचा उन्हाळा सांगण्याचे! प्रोग्राम लिहायचा तो आर्डुइनो नावाच्या पाटीवर. ती इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली जन्मली. हजार वर्षांपूर्वी त्या गावच्या परिसरात आर्डुइन नावाचा राजा होऊन गेला. त्याचे नाव गावातल्या एका बारला पडले आणि त्या बारचे या पाटीला. राजाचे नाव टिकावे कसे, याचा काही नेम नाही.

पहिल्या तीन संध्याकाळी काहीच घडले नाही. पट्टी संगणकाला जोडली की तिच्यावर दिवा लागे, पण संगणक तिला ओळखच देत नसे. मी ड्रायव्हर बदलला, संगणक बदलला, घरातल्या मंडळींवर रागावलो. चौथ्या दिवशी मुलाने केबल हातात घेतली आणि हसला. ती फक्त चार्जिंगची होती. दिसायला दोन्ही केबली जुळ्या बहिणी; पण एकीच्या पोटात निरोप नेणाऱ्या तारा असतात, दुसरीच्या पोटात नुसती वीज.

मग पहिला धडा, पट्टीवरचा दिवा लुकलुकवण्याचा. मी लिहिले ‘चालू’, दिवा विझला. लिहिले ‘बंद’, दिवा लागला. थेट आमच्या आठवी ‘ब’चा वर्ग! या पट्टीवर दिव्याची जोडणीच उलट असते, खुंटीवरचा दाब शून्य झाला की त्यातून वीज वाहते, हे मागाहून कळले. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरले गेले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तेवढ्या तासांत माझा एक दिवा धड लुकलुकला नव्हता.

पण हळूहळू जमले. पांढरा, जाळीदार डीएचटी२२ सेन्सर आणला. तो उष्णता आणि हवेतली ओल, दोन्ही मोजतो. पट्टी चालताना स्वतःच तापते, म्हणून सेन्सर वीतभर तारेने दूर ठेवला. दर पाच मिनिटांनी दोन आकडे इंटरनेटवर जातील आणि माझ्या मोबाईलवर दिसतील, अशी व्यवस्था केली. अकोल्याला नेली तर पट्टी मुकी! ती बिचारी आमच्या अमरावतीच्या वायफायला हाका मारत बसली होती, नव्या नवरीने सासरी माहेरचे नाव सांगावे तशी. शेजारच्या काकूंनी आपले वायफाय देऊ केले. मी दोन्ही घरांची नावे आणि पासवर्ड प्रोग्राममध्ये घातले. पुढे वीज गेली की नवीच अडचण. वीज परतताच पट्टी क्षणात जागी होई, काकूंचा राउटर मात्र दोन मिनिटे आळोखेपिळोखे देई; दहा हाका मारून पट्टी गप्प बसे. मग लिहिले, ‘मिळेपर्यंत हाका मार.’

मे उजाडला. वर्तमानपत्रात अकोला ४५, माझ्या मोबाईलवर आईची खोली ३१. ओल ७८ टक्के. मी हर्षभरित झालो. कूलर लावल्याखेरीज एवढी ओल यायची कुठून? आईने माझे ऐकले! सौ.ला दाखवले, शाळेत चार जणांना दाखवले. फोन करण्याचेही कमी झाले. आकडा समोर असताना विचारायचे काय?

एका दुपारी काकूंचा फोन आला. आईला चक्कर आली होती. ओसरीत बसल्या बसल्या कलंडली. डॉक्टर येऊन गेले, आता बरी आहे. मी मोबाईल पाहिला. ३१.

मिळेल त्या एसटीने निघालो. घरात शिरलो तर भट्टी. कूलर कोपऱ्यात, त्यावर अजून गेल्या वर्षीचे कापड. कोनाडा रिकामा. पट्टी सापडली ती माठाच्या तिवईवर, सेन्सर माठाच्या ओल्या फडक्याला टेकलेला.

“थे बिचारं लय तपून राह्यलं होतं रे बापू,” आई खाटेवरून म्हणाली. “हात लावला त चटका बसे. म्हणून माठापाशी ठेवलं. तुयं यंत्र खराब झालं असतं नं!”

“आणि तू तापत होतीस त्याचे काय? कूलर का नाही लावला?”

“एकटीसाठी काय कूलर लावतं?”

यंत्राने एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. माठापाशी ३१ अंशच होते, ओलही माठाचीच होती. दोन्ही आकडे खरे. त्यांची गोष्ट मी रचली होती, आणि रचण्याची तर मला सवयच. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने काडेपेटीएवढ्या पट्टीची काळजी घेतली, ती तशीच स्वतःची घेईल, असे मी कोणत्या आधारावर धरून चाललो?

त्या रात्री पट्टी खाटेशेजारच्या भिंतीला खिळ्याने ठोकली. ३८ च्या वर आकडा गेला की मला निरोप यावा, असे लिहिले. कूलर धुतला, गवत बदलले, बिल मी भरणार असे काकूंच्या साक्षीने ठरले.

तेव्हापासून दुपारी दोनला, मधल्या सुट्टीत, मी आईला फोन करतो. ती आधी विचारते, “तुयं यंत्र किती म्हणते?” मी सांगत नाही, आधी तिचा अंदाज घेतो. तिच्या आणि यंत्राच्या आकड्यात सहसा एका अंशाचा फरक पडतो. चूक कोणाची, हे मी अजून दोघांपैकी कोणालाही विचारलेले नाही.